प्रकल्प नोंदी: माउंटन बाइकसाठी परवडणारा चेन गाइड

३ ऑगस्ट

आधी सायकलची माहिती लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच चालणार आहे. ॲल्युमिनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), मागच्या चाकावर १० स्पीडची ११–४२ कॅसेट, म्हणजे ११ ते ४२ दात्यांच्या दहा चकत्या, पुढे पेडलांपाशी ३२ दात्यांची एकच नॅरो-वाइड चेनरिंग (एक दाता पातळ, एक जाड), मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, क्लचवाला. फ्रेम मुळात पुढे तीन चेनरिंगांसाठी बनवलेली आहे. बॉटम ब्रॅकेट (बीबी) म्हणजे क्रँकचा, पेडलांच्या दांड्यांचा, अक्ष ज्या बेअरिंगांवर फिरतो तो भाग; तो बसतो ती फ्रेमची नळी, म्हणजे शेल, ७३ मिमी रुंद, आट्यांचा. चेनरिंगवरून चेन पडू न देणारा भाग म्हणजे चेन गाइड; तो बसवण्यासाठी नव्या फ्रेमना बीबीभोवती जे तीन कान असतात, ते हिला नाहीत.

तक्रार एकच आहे, खडकाळ उतारावर चेन पडते. पेडल थांबवून दोन्ही पाय समपातळीत ठेवलेले, चेन मागच्या सगळ्यात लहान दोन-तीन चकत्यांपैकी एकीवर, आणि चाकाखाली लागोपाठ दगड. खाली आल्यावर पेडल मारायला जावं तर पाय रिकामा फिरतो. बहुतेक वेळा चेन आत, फ्रेमच्या बाजूला पडते आणि चेनरिंग व चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) यांच्या मध्ये अडकते. तिथे जोर लावला तर कडी पिळवटते आणि चेनस्टेवर ओरखडे उठतात. पण खरी काळजी रिकाम्या फिरणाऱ्या पायाची आहे. पेडलवर उभं राहून पूर्ण वजन टाकायच्या क्षणी खाली आधारच नसतो, आणि तो क्षण नेमका अवघड जागीच येतो.

या प्रकल्पाचं उद्दिष्ट: कमीत कमी खर्चात चेन जागेवर ठेवायची, आणि जो काही खर्च होईल तो नेमका कशासाठी झाला हे स्वतःला कळलं पाहिजे.

५ ऑगस्ट

गाइड विकत घेण्याआधी फुकटात करता येणारी तपासणी संपवली.

चेनची झीज स्टीलच्या पट्टीने मोजली. चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच असतो. त्यामुळे २४ अंतरं मिळून ३०४.८ मिमी भरायला हवीत. माझी भरली साधारण ३०५.५, म्हणजे पाव टक्क्याच्याही आत. १० स्पीडची चेन पाऊण टक्का लांबली की बदलतात, ११ आणि १२ स्पीडची अर्ध्या टक्क्यालाच. म्हणजे चेनची चूक नाही.

लांबीही तपासली. चेन डिरेलरमधून न घेता थेट पुढची चेनरिंग आणि मागची ४२ची चकती यांवर ओढून बसवायची, दोन टोकं जिथे भेटतात त्याच्यापुढे दोन कड्या, एक आतली आणि एक बाहेरची, जास्त ठेवायच्या. माझ्या चेनमध्ये याहून दोन कड्या जादा निघाल्या. काढून टाकल्या. जादा कड्यांचा ढिलेपणा सगळ्यात जास्त जाणवतो तो लहान चकत्यांवर, आणि चेनही तिथेच पडत होती.

मग क्लच. २०११-१२च्या सुमारास शिमानो आणि स्रॅम या दोघांनी मागच्या डिरेलरमध्ये क्लच द्यायला सुरुवात केली. डिरेलरचा खालचा पिंजरा पुढे झुलायला विरोध करणं हे त्याचं काम. माझा शिमानोच्या जातीचा आहे, बाजूला चालू-बंद करायची छोटी कळ आहे. कळ बंद ठेवून पिंजरा हाताने पुढे ढकलला, मग चालू करून ढकलला. फरक जाणवायला हवा तेवढा जाणवेना. झाकण उघडून आतला घर्षणाचा पट्टा थोडा आवळला, आता हात चांगलाच अडतो. झाकण उघडल्यावर आतली कोरडी धूळ पुसून घेतली आणि क्लचसाठी मिळणारं ग्रीस अगदी थोडं लावलं. साधं पातळ तेल तिथे जाऊ द्यायचं नाही, घर्षणच त्याचं काम आहे.

एवढ्यावर एक फेरी मारून आलो. चेन पडण्याचं प्रमाण स्पष्ट कमी झालं, पण ज्या दगडी टप्प्यावर पूर्वी हमखास पडायची तिथे पुन्हा पडलीच.

६ ऑगस्ट

नॅरो-वाइड असूनही चेन का पडते, हे नीट समजून घेतल्याशिवाय गाइड निवडता येणार नाही असं वाटलं, म्हणून आजची नोंद लांब.

चेनच्या कड्या आळीपाळीने अरुंद आणि रुंद असतात. आतल्या पट्ट्यांची कडी अरुंद, बाहेरच्या पट्ट्यांची रुंद. नॅरो-वाइड चेनरिंगचे दातेही तसेच, एक पातळ आणि एक जाड. जाड दाता रुंद कडीत जवळजवळ भरून बसतो, म्हणून चेन आजूबाजूला सरकत नाही. स्रॅमने २०१२मध्ये एक्सएक्स१ या संचासोबत ही रचना आणली आणि पुढची एकच चेनरिंग गाइडशिवाय वापरणं सर्वसामान्य झालं. दात्यांची संख्या नेहमी सम असते ती याच कारणाने; विषम असती तर दुसऱ्या फेरीलाच जाड दाता अरुंद कडीखाली आला असता. रस्त्यात पडलेली चेन घाईत परत चढवताना हेच बघावं लागतं. एक दाता इकडेतिकडे झाला तर चेन खाली बसत नाही, दात्यांच्या टोकांवर तरंगत राहते आणि लगेच पुन्हा पडते.

म्हणजे नॅरो-वाइड चेनला बाजूला सरकू देत नाही. पण वर उचलली जाण्यापासून ती फारशी रोखत नाही. दगडांवर चाक आदळतं तेव्हा वरच्या बाजूची चेन दोरीउड्यांच्या दोरीसारखी लाट घेते. ती लाट चेनरिंगपाशी पोचली की पहिल्या दोन-तीन कड्या दात्यांवरून वर उठतात. त्याच क्षणी चेनला बाजूचा ओढा असेल, तर खाली येताना ती दात्यावर न बसता शेजारी बसते. एकदा एक कडी शेजारी बसली की पुढच्या तिच्या मागोमाग जातात.

यातून गाइडचं काम स्पष्ट होतं. चेन चेनरिंगवर चढते त्या जागी, म्हणजे सगळ्यात वरच्या दात्यापाशी, तिच्या डोक्यावर छप्पर हवं आणि दोन्ही बाजूंना भिंती हव्यात. चेनला दात्यातून सुटायला काही मिलिमीटर उचललं जावं लागतं. छप्पर त्याहून जवळ असेल तर ती उचललीच जात नाही. खालचा रोलर ही जुनी गरज होती. क्लच आणि नॅरो-वाइड येण्यापूर्वी उताराच्या सायकलींवर वरचा पिंजरा (हेच छप्पर आणि भिंती), खालचा रोलर आणि मध्ये बॅश गार्ड (चेनरिंगला दगडांपासून वाचवणारा भाग) असा पूर्ण संच लागायचा. खालचा रोलर चेनला सतत वळवतो, त्यात पेडलचा थोडा जोर खर्च होतो, आवाज होतो, आणि त्याचं बेअरिंग चिखलात लवकर जातं. माझ्या सायकलीवर क्लच आहे. मला फक्त वरचा गाइड हवा. खर्चातला मोठा भाग इथेच वाचला.

९ ऑगस्ट

आजचा विषय: गाइड फ्रेमला कुठे धरणार. स्वस्त गाइड शोधताना पिंजऱ्याचा रंग, वजन, कंपनी यांत वेळ घालवण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. आपल्या फ्रेमवर न बसणारा गाइड कितीही स्वस्त असला तरी वाया गेलेला खर्च आहे.

आयएससीजी-०५ म्हणजे बीबीच्या शेलभोवती फ्रेमलाच जोडलेले, आटे पाडलेले तीन कान. जुनं आयएससीजी वेगळं होतं. बाहेरून बसणाऱ्या मोठ्या बीबी आल्यावर भोकांचं वर्तुळ मोठं करावं लागलं, त्यातून ०५ आलं. दोन्हींच्या पट्ट्या एकमेकांवर बसत नाहीत, त्यामुळे जुना गाइड कोणी फुकट देत असेल तरी आधी हे बघावं. कान असलेल्या फ्रेमला दुसरीकडे बघायची गरजच नाही, सगळ्यात मजबूत पकड तीच.

कान नसतील आणि बीबी आट्यांची असेल तर बीबीच्या कपाखाली (बेअरिंगच्या वाटीखाली) दाबून बसणारी पट्टी मिळते. शिमानोच्या हॉलोटेक-२ जातीच्या क्रँकमध्ये ७३ मिमीच्या शेलला चेनच्या बाजूला २.५ मिमीचा एक स्पेसर (अंतर राखणारी चकती) असतो. तो काढून त्या जागी तेवढ्याच जाडीची पट्टी बसते, त्यामुळे चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर, हलत नाही. माझ्यासाठी हा खरा उमेदवार होता. पण त्यासाठी क्रँक काढायची, कप सोडवायचा, तो परत ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळायचा, आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवायचं. बीबीचा पाना आणि टॉर्क रेंच घरात नसेल तर तोही गाइडच्या खर्चात धरला पाहिजे. प्रेसफिट बीबीला हा मार्ग बंदच आहे, तिथे दाबायला आट्यांचा कप नसतो.

तिसरा मार्ग सीट ट्यूबला (सीटखालच्या उभ्या नळीला) पट्ट्याने धरण्याचा, जुन्या पुढच्या डिरेलरसारखा. एक ॲलन की पुरते, क्रँकला हात लावावा लागत नाही. मात्र ट्यूब त्या जागी गोल आणि सरळ हवी. कार्बनच्या ट्यूबवर पट्टा आवळायचा मोह मी तरी टाळीन.

याशिवाय काही फ्रेमना पुढच्या डिरेलरसाठी थेट स्क्रू मारायच्या जागा असतात, त्यांच्यासाठी वेगळे गाइड निघतात. माझ्या फ्रेमला नाहीत, म्हणून त्यात शिरलो नाही.

१० ऑगस्ट

मोजमाप.

सीट ट्यूब: वर्निअर कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी पुरते. ट्यूबभोवती घट्ट गुंडाळायची, जिथे टोक भेटतं तिथे खूण करायची, उलगडून मोजायची. परीघ ९० मिमीच्या आसपास असेल तर ट्यूब २८.६ची, १०० असेल तर ३१.८ची, ११० जवळ असेल तर ३४.९ची. बाजारात पट्टे याच तीन मापांचे असतात. माझा परीघ १०० निघाला. बीबीजवळच्या वेल्डपासून बाटलीच्या खालच्या बोल्टपर्यंत साधारण ६० मिमीचा सरळ गोल भाग आहे. पट्टा तिथेच बसायला हवा, वर सरकवायला जागा नाही.

चेनलाइन: सीट ट्यूबच्या बाहेरच्या कडेपासून दात्याच्या मध्यापर्यंत ३३.५ मिमी. त्यात ट्यूबची निम्मी जाडी १५.९ मिळवली. ४९.४. पुढे एकच चेनरिंग असलेल्या जुन्या मापाच्या सायकलींना ४९च्या आसपासच अपेक्षित असते. मागे बूस्ट, म्हणजे जास्त रुंद हब असलेल्या फ्रेमना ५२. गाइड घेताना तो किती चेनलाइनपर्यंत सरकतो हे विचारायचं ते यासाठी. काही स्वस्त गाइड एकाच मापावर पक्के असतात, त्यांना वायसर लावूनही फार हलवता येत नाही.

उंची: ३२ दात्यांच्या चेनरिंगची त्रिज्या, चेनच्या पिनांच्या रेषेपर्यंत, जवळजवळ ६५ मिमी येते. ३० दात्यांची ६१च्या जवळ, ३४ची ६९च्या जवळ. दर दोन दात्यांमागे पिंजरा ४ मिमी वर किंवा खाली न्यावा लागतो. माझ्या गाइडला निदान एवढी सरकवायची खाच हवी, कारण चढासाठी ३०ची रिंग लावायचा विचार आहे.

पिंजऱ्याची रुंदी: हा हिशोब करताना खरी मजा आली. १० स्पीडच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांच्या मध्यांतलं अंतर ३.९५ मिमी, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या चकतीपर्यंत साडेपस्तीस. माझ्या सायकलीवर कॅसेटचा मध्य चेनरिंगपेक्षा थोडा आत पडतो. त्यामुळे सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन जवळजवळ २२ मिमी आत जाते आणि सगळ्यात लहान चकतीवर १४ मिमी बाहेर. चेनस्टे ४३० मिमीची आहे. पिंजऱ्याचं मागचं टोक वरच्या दात्याच्या ४० मिमी मागे धरलं, तर तिथे चेन आत २ मिमी आणि बाहेर १.३ मिमी सरकलेली असेल. चेनची स्वतःची रुंदी ५.९च्या आसपास. म्हणजे मागच्या टोकाला ९.२ मिमी तर चेनच व्यापते. पिंजऱ्यात १० मिमीची फट असेल तर चेन कुठेही न घासता सगळ्या चकत्यांवर फिरेल. ८ मिमीची अरुंद असेल तर मोठ्या चकतीवर चढताना पूर्ण वेळ घासत राहील.

पुठ्ठ्याचा पिंजरा कापून, ६५ मिमी त्रिज्येचा कंस काढून, चिकटपट्टीने ट्यूबला लावून बघितला. चेनस्टेला लागत नाही, क्रँकचा हात मोकळा फिरतो.

१३ ऑगस्ट

पैसे न खर्चता करायचा शेवटचा प्रयोग: जुना पुढचा डिरेलरच गाइड म्हणून वापरायचा. ज्यांनी तीन चेनरिंगांच्या सायकलीचं रूपांतर केलं आहे त्यांच्या सामानाच्या डब्यात तो पडलेला असतोच. पट्टा ३१.८चाच आहे.

डिरेलरची स्प्रिंग पिंजऱ्याला आत ओढते. आतली मर्यादा ठरवणारा स्क्रू पिळत गेलं की पिंजरा बाहेर ढकलला जातो, पण माझ्या डिरेलरच्या स्क्रूची लांबी मधल्या चेनरिंगच्या जागेपर्यंत पुरत नाही. म्हणून गिअरच्या जुन्या केबलचा छोटा तुकडा फ्रेमवरच्या थांब्यात अडकवून डिरेलरच्या बोल्टखाली ताणून बांधला, आणि बाहेरची मर्यादा ठरवणारा स्क्रू टेकेपर्यंत पिळला. पिंजरा आता दोन्ही बाजूंनी हलत नाही.

अडचण उंचीची. या डिरेलरचा पिंजरा ४२-४४ दात्यांच्या मोठ्या चेनरिंगच्या वक्रतेसाठी घडवलेला आहे. ३२ वर तो पुढच्या टोकाला जवळ आणि मागच्या टोकाला दूर राहतो. आणखी खाली आणावा तर मागची शेपटी चेनस्टेवर टेकते. आतली पट्टीही पायरीसारखी वळवलेली आहे, चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर ढकलण्यासाठी. गाइडला ती पायरी नको असते.

१६ ऑगस्ट

डिरेलरचा गाइड लावून त्याच दगडी टप्प्यावर गेलो. चेन पडली नाही. एवढ्यावर समाधान मानता आलं असतं, आणि ज्याला आत्ता खर्च करायचाच नाही त्याने बिनधास्त हे करावं. पण स्टीलच्या पिंजऱ्यावर चेन आपटते तेव्हा इतका खडखडाट होतो की टायरचा आवाज ऐकू येत नाही, आणि मला उतारावर टायर ऐकायचा असतो. शिवाय ४२च्या चकतीवर पायरीचा भाग घासतो. चिखल पिंजऱ्याच्या मागच्या बंद टोकात साचतो, हे दुसऱ्या फेरीत दिसलं.

पिंजऱ्याच्या आत जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवून बघितले, आवाज निम्म्यावर आला. पण रबर जाड असल्याने फट कमी झाली आणि घासणं वाढलं.

१९ ऑगस्ट

धाकट्या भावाची सायकल आज माझ्याकडे आली. त्याची फुल सस्पेन्शन आहे, मागचं चाक १३० मिमी वर-खाली होतं (ट्रॅव्हल), बीबी प्रेसफिट, आणि आयएससीजी-०५चे कान आहेत. “दादा, तू घेशील तोच मलाही घे, दोन एकदम घेऊ,” म्हणाला. त्याला बसवून समजावलं की आपल्या दोघांना एकच गाइड चालणार नाही.

त्याच्या फ्रेमवर सीट ट्यूब बीबीपाशी पुढे वाकलेली आहे आणि तिथेच सस्पेन्शनचा पिव्होट (सांधा) आहे. पट्टा आवळायला जागाच नाही. कान आहेत, तर गाइड कानांवरच जाईल. दुसरं म्हणजे मागचं चाक वर जातं तेव्हा वरच्या चेनचा उतारच बदलतो. ॲक्सल १३० मिमी वर आली तर पिंजऱ्याच्या ४० मिमी मागच्या टोकाला चेन जवळजवळ १२ मिमी वर उचलली जाते. माझ्या हार्डटेलवर फक्त चकतीच्या आकाराने फरक पडतो. ११ची चकती आणि ४२ची चकती यांच्यात त्याच जागी ६ मिमीचाही फरक नाही. त्यामुळे त्याला आखूड किंवा मागे उघडा पिंजरा हवा, आणि तो लावताना शॉकमधली हवा सोडून सस्पेन्शन पूर्ण दाबून बघायला हवं. चढवलेल्या हवेवर छान दिसणारा गाइड पूर्ण दाबल्यावर चेनला वरून रेटू शकतो.

त्याची बीबी खाली आहे, चेनरिंग दगडांवर घासल्याच्या खुणा दिसल्या. त्याने खालच्या बॅश प्लेटसहित गाइड घ्यावा असं सांगितलं. कान फ्रेमचाच भाग असल्याने तो धक्का झेलतात. बीबीखाली दाबलेल्या पट्टीवर बॅश लावला तर जोराच्या टकरीने पट्टी फिरू शकते, म्हणून त्या मार्गाने जाणाऱ्यांनी वरचा गाइडच घेतलेला बरा. बॅशचा तुकडा वेगळा बदलता येतो का, हे मात्र आधी विचारायला सांगितलं. तो झिजणारच.

२२ ऑगस्ट

निवड. माझ्या फ्रेमसाठी सीट ट्यूबवरचा पट्ट्याचा गाइड, ३१.८, फक्त वरचा. या वर्गातले बरेच पाहिले. हातात घेऊन बघताना कशावर नजर ठेवली ते लिहितो.

पिंजरा नायलॉनचा किंवा तत्सम प्लास्टिकचा असावा. आवाज कमी होतो आणि चेन झिजत नाही, पिंजरा झिजतो, जो स्वस्त आहे. पिंजऱ्याला धरणारा हात मात्र ॲल्युमिनियमचा, आणि पुरेशा जाडीचा. पातळ पत्रा वाकवून केलेला एक गाइड हाताने ढकलल्यावर सहज बाजूला झुकला. चेनच्या आदळण्याने तो झुकेल आणि भिंतच सरकली तर तिचा उपयोग काय? पिंजरा बाजूने उघडता यावा, म्हणजे चेन न तोडता बसवता येतो आणि धुताही येतो. उंचीची खाच लांब असावी, चेनलाइनसाठी वायसर सोबत असावेत. बोल्ट साध्या मापाचे, म्हणजे एक हरवला तर कुठेही मिळेल असे. पट्ट्याची आतली कड मऊ गोलसर, ट्यूबचा रंग कापणारी धारदार नको.

वजनातला काही ग्रॅमचा फरक, कार्बनचा हात, रंगीत बोल्ट यांसाठी जास्त पैसे मोजायची गरज मला दिसली नाही. त्यातलं काहीच चेनला धरत नाही. एक स्वस्त गाइड मला फार आवडला होता, पण त्याची फट मोजली तर जेमतेम ८ मिमी निघाली, आणि १० ऑगस्टचा हिशोब आठवून तो ठेवून दिला.

जो घेतला त्याची फट मागच्या टोकाला १०.५ आहे, पुढच्या टोकाला थोडी कमी. ही रचना मला पटली. पुढे चेन दात्यावर चढते तिथे भिंती जवळ हव्यात, मागे तिला सरकायला जागा हवी.

२६ ऑगस्ट

बसवला. ट्यूब पुसून, पट्ट्याखाली पारदर्शक संरक्षक फिल्मचा एक थर दिला. पट्टा आधी हातानेच आवळला, म्हणजे फिरवता येईल इतपत.

क्रम असा ठेवला. चेन मधल्या चकतीवर घेतली, पिंजरा चेनच्या मध्यावर आणला. मग सगळ्यात मोठी चकती: आतल्या भिंतीपासून चेन जेमतेम मोकळी. मग सगळ्यात लहान: बाहेरच्या भिंतीपासून मोकळी. एक पातळ वायसर काढून पिंजरा थोडा आत घ्यावा लागला. उंची अशी ठेवली की छपराखालून चेनच्या पट्ट्यांपर्यंत साधारण ३ मिमी मोकळे राहतात. मोठ्या चकतीवर चेन मागच्या टोकाला २ मिमीपर्यंत वर येते, त्यामुळे याहून कमी ठेवलं असतं तर छपराला लागली असती. शेवटी पट्टा आवळला, तोही बेताने. ॲल्युमिनियमची पातळ ट्यूब चेपायला फार जोर लागत नाही. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांवर काढता येण्याजोगा थ्रेड लॉक लावला.

स्टँडवर एक चाचणी केली जी घरच्या घरी कोणालाही जमेल. चेन ४२ वर, क्रँक उलटी फिरवायची, आणि वरची चेन लाकडी काठीने आत ढकलायची. गाइड काढून केलं तेव्हा चेन सहज आत उतरली. गाइड लावून केलं तेव्हा काठीने जोर लावूनही ती पिंजऱ्याच्या भिंतीला टेकून परत दात्यावर बसत राहिली. बाहेरच्या बाजूलाही तसंच.

३० ऑगस्ट

दगडी टप्पा, पूर्वीच्याच वेगाने, पूर्वीच्याच लहान चकत्यांवर. चेन जागेवर. परत वर जाऊन मुद्दाम क्लचची कळ बंद करून उतरलो. चेनस्टेवर चेनची आपटाआपटी जोरात ऐकू आली, पण तरी पडली नाही. क्लच आणि गाइड एकमेकांचं काम किती वाटून घेतात ते यातून कळलं: क्लच चेनची लाटच लहान करतो, आणि तरीही जी लाट चेनरिंगपर्यंत पोचते ती गाइड थोपवतो. कळ पुन्हा चालू केली, ती आता चालूच राहील. चेनस्टेला जाड रबरी संरक्षक लावायचं ठरवलं.

आवाज: नायलॉनवर चेन लागते तेव्हा मऊ टकटक होते, टायर स्पष्ट ऐकू येतो. पेडल मारताना घासण्याचा आवाज कुठल्याच चकतीवर नाही.

भावाचा गाइड परवा लागला. त्याची हवा सोडून बघितली तेव्हा पिंजरा दोन मिलिमीटर वर घ्यावा लागला, बाकी कानांवर तो सरळ बसला.

६ सप्टेंबर

चिखलातली फेरी. पिंजरा मागून उघडा असल्याने चिखल साचून राहिला नाही, पण छपराच्या आत एक थर बसला होता. उघडून धुतला, आतल्या भिंतीवर मोठ्या चकतीच्या बाजूला हलकी चकाकी आली आहे. म्हणजे जोरात पेडल मारताना फ्रेम किंचित वाकते तेव्हा चेन तिथे टेकते. फट कमी असती तर इथे चर पडला असता. तरी दर चेन बदलताना ही भिंत बघायची असं वहीत लिहिलं आहे. पट्टा फिरला का हे बघण्यासाठी ट्यूबवर आणि पट्ट्यावर मिळून पेन्सिलची एक रेघ ओढली होती, ती जुळलेलीच आहे.

३० दात्यांची चेनरिंग बसवायची झाली की पिंजरा ४ मिमी खाली यायला हवा. खाचेत तेवढी जागा उरते हे आज मोजून घेतलं, खालची खूणही कोरून ठेवली. त्या वेळी चेनच्या लांबीचा हिशोब मोठ्या चकतीवरून पुन्हा करायचा. दोन दाते कमी झाले की कदाचित आणखी काही काढावं लागणार नाही, पण मोजूनच ठरवायचं.